मे महिन्यातील दोन दिवस

आपल्यापैकी ज्यांचा मसाल्याचा किंवा धान्याचा व्यापार आहे, त्यांना मे महिना म्हणजे काय हे सांगावयास नको. मिरची, हळद, धने यांची वर्षाची खरेदी लोक याच दिवसांत करतात. पेढीचा माणूस या महिन्यात स्वतःच्या घरचे लग्नही टाळता आले तर टाळतो. तरीही यंदाच्या मे महिन्यात मी दोन दिवस पेढी मुलावर सोपवली आणि सातारा जिल्ह्यातील कोयना अभयारण्यात जाऊन आलो. वासोट्याच्या जंगलवाटेने चढलो, त्याच वाटेने शिवसागर जलाशयाच्या काठी परतलो. त्या वाटेविषयी आणि ती मी याच महिन्यात का चाललो त्याविषयी आज लिहीत आहे.

माझ्या लहानपणी आमची पेढी मस्जिद बंदरला होती. तेथे मालाचे वजन करणारे एक तोलणार होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. एकदा मी त्यांना विचारले, "मामा, तुमचे गाव कोठे?" ते म्हणाले, "माझं गाव पान्यात हाय." मला वाटले, गावाला पाणी मुबलक आहे असे ते सांगत आहेत. आमच्या चाळीत तेव्हा पाणी दिवसातून एक तास येई; मला त्यांचा हेवा वाटला.

खरा अर्थ मोठेपणी कळला. कोयना नदीवर १९५० च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ते पुरे होत आले. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे १०५ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. त्या साठ्याला शिवसागर हे नाव मिळाले. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांतील जावळी आणि पाटण भागांची अनेक गावे त्या पाण्याखाली गेली. काही कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली, काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून राहिली, आणि पुष्कळ तरुण मुंबईच्या बाजारांत ओझी उचलावयास आले. मुंबईच्या गोदीत आणि घाऊक बाजारांत सातारा जिल्ह्यातील माथाडी इतके का, याचे एक उत्तर त्या पाण्यात आहे. माथाडींची संघटना उभारणारे अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच.

आणि त्या पाण्याचे काय झाले? सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून ते पश्चिमेस कोकणात उतरवले गेले, पोफळीच्या वीजगृहात त्याची वीज झाली आणि ती वीज राज्यभर गेली. आमच्या पेढीतील तराजूवर जो दिवा जळत असे, त्याच्या उजेडात कोयनेचाही वाटा होता. मामा त्या दिव्याखाली उभे राहून वजन सांगत.

दर वर्षी मे महिन्यात मामा दोन दिवसांसाठी गावी जात. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरते आणि बुडालेल्या गावांची जोती, देवळांचे चौथरे, विहिरींची तोंडे उघडी पडतात. मामा तेथे जाऊन घराच्या जोत्यावर नारळ वाढवीत आणि परत येत. १९८७ साली पाणी खूप उतरले होते. त्या वर्षी त्यांना म्हाताऱ्या आईलाही न्यावयाचे होते. त्यांनी बाबांना सांगितले. बाबांनी नाही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "यंदा थांबा, मामा. माल येणार आहे." मामा थांबले. श्रावणात त्यांची आई गेली. दिवस झाल्यावर मामा कामावर आले, नेहमीसारखे वजन सांगू लागले. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुढे कधी केला नाही, बाबांनीही नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि गल्ल्याजवळ बसून सगळे ऐकत होतो.

पुढे बाजार वाशीला गेला. मामा निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तोही बाजारात आहे आणि वडिलांची मे महिन्याची रीत त्याने चालू ठेवली आहे. गेल्या दिवाळीला तो भेटावयास आला तेव्हा मी त्याला म्हटले, "यंदा मलाही घेऊन चला." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शेठ, मे महिन्यात? सीझनला?" मी म्हटले, "सीझनलाच."

साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस जाण्याचा रस्ता आहे. पावसाळ्याच्या शेवटी फुलांनी झाकले जाणारे ते पठार मे महिन्यात करड्या रंगाचे, उघडेबोडके दिसते. रात्री आम्ही बामणोलीस मुक्काम केला. सकाळी वनखात्याचा परवाना काढून यांत्रिक नावेत बसलो. वासोट्याच्या पायथ्याशी पोहोचण्यास साधारण दीड तास लागतो. मोठे पाणी मागे पडते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, जंगल काठापर्यंत उतरते. पाणी उतरल्यामुळे काठावर मातीचे तांबडे पट्टे उघडे पडले होते, एकावर एक, जणू हिशेबाच्या वहीत ओळी आखल्या आहेत. मामांचा मुलगा बोलत नव्हता. एका ठिकाणी त्याने केवळ बोट दाखवले आणि म्हणाला, "येताना थांबू."

पायथ्याशी मेट इंदवली नावाचे गाव होते. आता तेथे वस्ती नाही. वनखात्याची चौकी आहे. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचे. पुढे २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळांसह जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव लागले. अभय देणारे अरण्य ते अभयारण्य. अभयदान हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. परंतु पाण्यामुळे वर सरकलेल्या काही वस्त्यांना या अभयासाठी पुन्हा उठावे लागले, हे मला त्या चौकीवर उभे राहीपर्यंत ठाऊक नव्हते.

चौकीवर सामानाची तपासणी झाली. प्रत्येकाजवळील प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवहीत लिहितात आणि ठेव म्हणून काही रक्कम घेतात. जितक्या वस्तू आत नेल्या तितक्या परत दाखवाव्या लागतात. मला ही पद्धत आवडली. आवक-जावक जुळली पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. माझ्या झोळीत तीन बाटल्या आणि ठेपले, खाखरे, सुकामेवा यांच्या पिशव्या मिळून नऊ नग निघाले. मामांच्या मुलाजवळ स्टीलचा डबा, पत्र्याची बाटली आणि एक नारळ होता. त्याच्या नावापुढे वनरक्षकाने शून्य लिहिले.

वाट आरंभी ओढ्याच्या काठाने जाते. ओढा आटलेला, मोठमोठ्या गुळगुळीत शिळांमध्ये कोठे कोठे पाण्याचे डोह उरलेले. दहा-पंधरा मिनिटांवर मारुतीचे लहानसे ठाणे लागते. तेथे सावलीत बसून आम्ही न्याहारी केली. ओढ्याच्या मऊ रेतीत खुरांचे रुंद ठसे होते. "गवा," मामांचा मुलगा म्हणाला, "रातचा येऊन गेला."

ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि माणूस जंगलाच्या आत जातो. बाहेर मे महिना रणरणत होता, आत हिरवा अंधार होता. जांभूळ, अंजन, हिरडा, ऐन यांचे उंच बुंधे. त्यांच्यावर हाताच्या मनगटाएवढ्या वेली. खाली पानांचा जाड थर. त्या थरावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई आणि आपण किती मोठ्याने चालतो हे ध्यानात येई. कुटुरग्याची एकसुरी हाक दरीच्या एका बाजूने येई आणि दुसऱ्या बाजूने तिला उत्तर मिळे. एके ठिकाणी फांद्यांत खसखस झाली. तांबूस पाठीचे, लांब झुबकेदार शेपटीचे शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी हाच. अस्वल, सांबर, भेकर, बिबट्या आणि क्वचित वाघ यांचाही येथे वावर आहे. त्यांतले काहीही आम्हांस दिसले नाही. ते पुष्कळदा आपल्याला पाहतात, आपण त्यांना पाहत नाही, असे मामांचा मुलगा म्हणाला.

चढ बराच आहे. माझे गुडघे बावन्न वर्षांचे आणि त्यांतील बहुतेक वर्षे गादीवर बसण्यात गेलेली. दर शंभर पावलांवर मी थांबत असे. मामांचा मुलगा पुढे जाऊन थांबे आणि म्हणे, "शेठ, दमानं. गड कुठं जात न्हाई." मी एकदा म्हटले, "अहो, येथे तरी शेठ म्हणू नका." तो हसला. "सवय हाय," म्हणाला. पुढे एक फाटा लागतो. एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे जाते, दुसरी गडावर. आम्ही गडाची धरली. शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, कारवीची वाळकी झुडपे लागतात आणि ऊन एकदम अंगावर येते. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजाचे अवशेष ओलांडून बाराच्या सुमारास आम्ही माथ्यावर पोहोचलो.

वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. गडाच्या इतिहासातील एक प्रसंग व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी त्याला दारूगोळा तर पुरवलाच, शिवाय स्वतः येऊन आपले निशाण लावून गडावर तोफा डागल्या. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, त्या इंग्रजांना कैद केले आणि त्यांतील काहींना या वासोट्यावर ठेवले. ज्या भूमीवर व्यापार करावयाचा तिच्या सुखदुःखाशी आपला संबंध नाही असे मानणाऱ्यांना येथे बसून विचार करण्यास पुष्कळ वेळ मिळाला असेल.

गडावर पाण्याचे जोडटाके आहे, मोडकळीस आलेली बांधकामे आहेत, महादेवाचे मंदिर आहे. बाबूकडा म्हणून घोड्याच्या नालासारखा वळलेला प्रचंड कडा आहे. त्याच्या टोकाशी पोटावर पडूनच खाली पाहावे. पश्चिमेस खोल कोकण दिसते आणि पूर्वेस शिवसागर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ते पाणी जेथे उतरते तो प्रदेश, आणि मध्ये आपण. मामांच्या मुलाने जलाशयाच्या एका वळणाकडे हात केला. "बाबा म्हनायचे, आजी लहानपणी इथं गुरं घेऊन यायची तवा हितनं आपलं घर दिसायचं. चुलीचा धूर दिसायचा." मी पाहिले. तेथे उन्हात चकाकणारे पाणी होते आणि त्याच्या कडेला तांबड्या मातीची एक रेघ.

उतरणे चढण्यापेक्षा कठीण गेले. साडेतीनच्या सुमारास चौकीवर पोहोचलो. वनरक्षकाने वही काढली, मी झोळी रिकामी केली. आठ नग निघाले. पुन्हा मोजले, आठच. खाखऱ्याची एक पिशवी नव्हती.

मी थकलो होतो. नावाडी काठावर वाट पाहत होता. अंधारापूर्वी बामणोलीस पोहोचणे नाववाल्याला आवश्यक होते, आणि आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असल्याने मलाही. मी म्हणालो, "असू द्या. ठेव तुमच्याकडेच राहू द्या." तरुण वनरक्षकाने वहीतून मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हटले, "काका, ठेव परत करायला मला आवडेल. पिशवी गव्याच्या पोटात गेली तर मी कुठून परत आणू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तरी मला सुमारे अडतीस वर्षांपूर्वीची आमची पेढी आठवली. त्या वर्षीच्या दिवाळीला बाबांनी मामांना नेहमीपेक्षा दुप्पट बोनस दिला होता. मामांनी पाकीट घेतले, नमस्कार केला आणि न उघडता खिशात ठेवले. तेव्हा मला वाटले होते की हिशेब पुरा झाला.

मामांचा मुलगा माझ्याआधीच वाटेकडे वळला होता. मी त्याला थांबवले. "तुमचे शून्य आहे," मी म्हटले, "नववा नग माझा आहे." एकटाच परत निघालो. मारुतीच्या ठाण्यापर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटांची वाट मला सकाळच्या सगळ्या चढापेक्षा लांब वाटली. पिशवी तेथेच होती, आम्ही बसलो होतो त्या शिळेच्या सांदीत, आत चार मुंग्या. मुंग्यांना हलकेच झाडून पिशवी घडी करून खिशात ठेवली. परतताना ओढ्याच्या डोहावर एक भेकर पाणी पीत होते. आम्ही दोघेही थबकलो. मग त्याने मान खाली घातली आणि पाणी पिणे पुढे चालू ठेवले. त्याचे पिणे होईपर्यंत मी हललो नाही.

वनरक्षकाने नऊ लिहिले, ठेव परत दिली. आम्ही नावेत बसलो.

सकाळी दाखवलेल्या ठिकाणी नावाड्याने यंत्र बंद केले. हा काठ अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा. गाळ भेगाळून घट्ट झाला होता. पन्नास-एक पावलांवर दगडी जोत्यांच्या ओळी दिसत होत्या, जणू कोणी जमिनीवर घरांचा आराखडा आखून ठेवला आहे. एका जोत्यापाशी मामांचा मुलगा थांबला. उंबऱ्याचा दगड अजून जागेवर होता, मध्यभागी झिजलेला. त्याने पायांतील वहाणा काढल्या, मीही काढल्या. त्याने नारळ वाढवला, पाणी उंबऱ्यावर शिंपडले आणि अर्धी वाटी माझ्या हातात दिली. "आजीला यायचं होतं," एवढेच तो म्हणाला. मी म्हटले, "मला माहीत आहे. मी तेव्हा गल्ल्याजवळ होतो." त्याने मान हलवली. त्यालाही ते माहीत होते.

घरी आलो तेव्हा बाबा जागे होते. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. पेढीवर येत नाहीत, परंतु रोज रात्री भाव विचारतात. त्या रात्री त्यांनी भाव विचारला नाही. मी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्या वर्षी मालाची गाडी आलीच नाही. घाटात अडकली. ते दोन दिवस आम्ही दोघे रिकाम्या पेढीत समोरासमोर बसून होतो. मामा तराजू पुसत होते."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "नाव अगदी जोत्यापर्यंत जाते का?"

मी म्हटले, "पाणी उतरलेले असते. पन्नास पावले गाळातून चालावे लागते."

"पन्नास पावले चालेन मी," बाबा म्हणाले.

वाचकहो, ज्यांना ही वाट चालावयाची असेल त्यांनी पावसाळा टाळावा. तेव्हा गडाची वाट बंद असते. पावसाळा सरल्यानंतर काही दिवस जंगलात जळवा असतात. हिवाळा सर्वांत सोयीचा. गडावर मुक्कामास परवानगी नाही. सकाळच्या पहिल्या नावेने निघावे आणि दुपार टळण्यापूर्वी उतरणीस लागावे. पिण्याचे पाणी पुरेसे न्यावे, ते धातूच्या बाटलीत न्यावे. नग मोजून न्यावेत आणि मोजून आणावेत.

आम्ही मात्र पुढच्या वर्षीही मे महिन्यातच जाणार आहोत. त्या दोन दिवसांसाठी पेढी बंद राहील असे ठरले आहे. बाबांनी ते मुलाकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.